बोल्ट सहा सूत सरकला, तर काँक्रीटची पकड किती जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात काजूच्या कारखान्याची शेड उभी राहते आहे. पेडेस्टल (कॉलमखालचा काँक्रीटचा ठोकळा) 400 बाय 400 मिमी, त्यात कॉलमच्या तळाची लोखंडी प्लेट (बेसप्लेट) धरणारे 20 मिमीचे चार फाउंडेशन बोल्ट, एकमेकांपासून 200 मिमीवर. म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे प्रत्येक बोल्टपासून कड 100 मिमी. ओतकाम झाल्यावर मोजलं, तर दोन पेडेस्टलमध्ये अख्खा संच बाहेरच्या बाजूला 18 मिमी, म्हणजे सहा सूत, सरकलेला. तिसऱ्या एका ठिकाणी चारांपैकी एकच बोल्ट 9 मिमी बाजूला. ठेकेदार म्हणतो, "गॅसनं तापवून वाकवतो, नाहीतर बेसप्लेटला खाच मारतो, काय होत नाही बघा." विचारणाऱ्या तरुण इंजिनिअरला तीन गोष्टी हव्या आहेत: यानं ताकद खरंच कमी होते की नुसती बसवण्याची अडचण आहे, दुरुस्ती कशी करावी, आणि नंतर आतल्या फरशीत मशिनसाठी केमिकल अँकर (भोक पाडून रसायनानं चिकटवलेले बोल्ट) मारायचे आहेत तिथंही हाच हिशेब लागतो का.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. तुमच्या पेडेस्टलमध्ये सरकल्यामुळं जाणारी ताकद थोडी आहे. ठेकेदाराच्या दुरुस्तीनं जाणारी ताकद पुष्कळ असू शकते. आणि फरशीतले अँकर, ज्यांच्याबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, तिथं दहा-वीस मिमीची चूक सगळ्यात महाग पडते.

बोल्ट ओढला की तीन गोष्टींपैकी एक होते. बोल्टचं लोखंड तुटतं, बोल्ट काँक्रीटमधून निसटून येतो, किंवा बोल्ट आपल्याबरोबर काँक्रीटचा एक शंकू उपटून वर येतो. लोखंडाला जागेची चूक कळत नाही, तो 18 मिमी इकडं असो वा तिकडं, तेवढाच भार घेतो. जागेची चूक लागते ती तिसऱ्या प्रकाराला. एसीआय 318 या अमेरिकन काँक्रीट कोडमध्ये ज्या पद्धतीनं हा शंकू मोजतात, तिच्यात शंकूच्या उताराचा आडव्याशी कोन साधारण 35 अंश धरतात. म्हणून बोल्टच्या खोलीच्या दीडपट अंतरापर्यंत चारही बाजूंना काँक्रीट लागतं. 100 मिमी खोल बोल्टला प्रत्येक बाजूला 150 मिमी मोकळं काँक्रीट हवं, आणि शेजारचा बोल्ट 300 मिमीच्या आत आला तर दोघांचे शंकू एकमेकांत घुसतात.

शंकूची ताकद खोलीच्या दीड घाताप्रमाणं वाढते. नुसतं क्षेत्रफळ पाहिलं तर वर्गाप्रमाणं वाढायला हवी होती. पण शंकूची चीर एकदम सगळीकडं पडत नाही, टोकाकडून सुरू होऊन पसरत जाते, आणि काँक्रीटचा भाग मोठा असेल तितकी सरासरी ताकद कमी भरते. म्हणून वर्गाऐवजी दीड घात. सूत्र सोपं आहे: ओतकामातच बसवलेल्या बोल्टला 10 गुणिले काँक्रीटच्या सिलिंडर ताकदीचं वर्गमूळ, गुणिले खोलीचा दीड घात, उत्तर न्यूटनमध्ये. आपण घन तपासतो, सिलिंडर नाही, त्यामुळं एम25 (घनाची ताकद 25 एमपीए) काँक्रीटला सिलिंडरची ताकद सुमारे 20 एमपीए धरा. 100 मिमी खोलीला 44.7 किलोन्यूटन येतात. तोच बोल्ट 80 मिमीच खोल बसला तर 32. वीस मिमीत 28 टक्के गेले. उलट, खोली बरोबर पण काँक्रीट एम25 ऐवजी एम20 निघालं, तर 11 टक्केच जातात, कारण तिथं वर्गमूळ आहे. साइटवर क्यूब टेस्टच्या रिपोर्टवरून भांडणं होतात, आणि बोल्टच्या खोलीवर टेप कुणीच लावत नाही. खरं तर उलटं व्हायला पाहिजे.

कडेचंही तसंच. आडवा भार कडेच्या दिशेनं आला की बोल्ट कडेचा तुकडा फोडून काढतो, आणि ही ताकद कडेपर्यंतच्या अंतराच्या दीड घाताप्रमाणं चालते. कड 300 मिमीवर असेल आणि बोल्ट 15 मिमी तिकडं सरकला, तर 7 टक्के गेले. कड 150 वर असेल तर तेच 15 मिमी 15 टक्के खातात. कड 75 वर असेल तर 28 टक्के. म्हणून "किती मिमीपर्यंत चालतं" या प्रश्नाला एक आकडा नाही. कड आणि खोली किती आहे, त्यावर ते ठरतं.

आता तुमचं पेडेस्टल. 100 ची कड 82 झाली, म्हणून एकट्या बोल्टचा हिशेब मांडला तर आडव्या भाराची ताकद 26 टक्क्यांनी पडते, आणि अनेक जण इथंच घाबरून पेडेस्टल तोडायला निघतात. थांबा. तो हिशेब दोन्ही बाजूंना काँक्रीट मोकळं पसरलेलं असेल तेव्हाचा आहे. तुमचं पेडेस्टल 400 रुंदच आहे. पुढच्या दोन बोल्टांचा फुटणारा तुकडा ड्रॉइंगच्या जागेवरही 500 रुंद व्हायला बघत होता, त्याला 400 वर आधीच कात्री लागलेली. रुंदी अशी अडली की कडेच्या अंतराचा परिणाम दीड घाताचा राहत नाही, जवळपास वर्गमुळाचा होतो. बाजूच्या कडांची दुरुस्ती धरून मी मांडलं तर पुढच्या रांगेची ताकद सुमारे 5 टक्केच कमी येते. पण याचा आनंद मानू नका. याचा खरा अर्थ असा, की अरुंद पेडेस्टलमध्ये नुसत्या काँक्रीटची ताकद मुळातच कमी होती, सरकण्यानं ती आणखी फारशी कमी झाली नाही, एवढंच.

ओढीचं बघा. बोल्ट 500 मिमी खोल टाकला म्हणून शंकू 500 चा होत नाही. चारही कडा जवळ असल्यानं एसीआय खोली कमी धरायला लावते: कडेचं सर्वात मोठं अंतर भागिले दीड, किंवा बोल्टांमधलं अंतर भागिले तीन, यातलं मोठं. तुमच्या ड्रॉइंगच्या मापांना दोन्हींचं उत्तर 67 मिमी येतं. 500 खोल गाडलेल्या बोल्टांना काँक्रीटच्या हिशेबात 67 ची किंमत! त्यावर चौघांची मिळून ताकद 97 किलोन्यूटनच्या आसपास. त्यामुळं पेडेस्टलमध्ये वाऱ्याची उचल काँक्रीटवर सोडायची नसते, ती उभ्या सळयांना द्यायची असते. बोल्टचं डोकं जिथं आहे त्याच्या वर आणि खाली सळीला पुरेशी लांबी मिळाली पाहिजे, आणि सळी बोल्टच्या जवळ पाहिजे, त्याच्या खोलीच्या निम्म्या अंतराच्या आत. आडव्या भारासाठी रिंगा. एसीआय सांगते की पेडेस्टलच्या माथ्यापासून 125 मिमीच्या आत बोल्ट आणि किमान चार उभ्या सळ्या यांना वेढणाऱ्या जाड दोन किंवा बारीक तीन रिंगा असाव्यात. आपल्या मापात 12 च्या दोन किंवा 10 च्या तीन समजा. आपल्याकडं नेमकी हीच जागा मोकळी सापडते. बोल्टचा संच आत घालताना वरच्या रिंगा आड येतात, मग गवंडी त्या खाली सरकवतो आणि काम झाल्यावर वर ओढायला विसरतो.

म्हणून पहिलं काम हे करा: कव्हर मीटर (काँक्रीटमधली सळी शोधणारं यंत्र) आणा, नाहीतर एका कोपऱ्यात माथ्याचं प्लास्टर-कव्हर हलक्या हातानं फोडून बघा की रिंगा कुठं आहेत. रिंगा वरच्या 125 मध्ये असतील आणि सरकलेला बोल्ट अजून त्यांच्या आतच असेल, तर 18 मिमीनं तुमच्या पेडेस्टलच्या ताकदीला फारसं काही होत नाही. रिंगा नसतील, तर ड्रॉइंगच्या जागेवर तंतोतंत बसलेले बाकीचे पेडेस्टलसुद्धा मला चालणार नाहीत. शेड रिकामी असताना वाऱ्याची उचल सगळ्यात जास्त लागते, आणि आयएस 1893 या भूकंपाच्या कोडच्या 2016 च्या आवृत्तीत बेळगाव झोन 3 मध्ये आहे, तेव्हा आडवा भार कागदापुरता नाही.

हे बोल्ट खाली वळवलेले, इंग्रजी J आकाराचे असतील (आपल्याकडं बहुतेक तेच असतात, L नाहीतर J) तर आणखी एक हिशेब करून ठेवा. वळवलेला बोल्ट शंकू न उपटता, आकडा सरळ होत निसटतो. त्याची ताकद खोलीवर अवलंबूनच नाही. आकड्याची लांबी, बोल्टचा व्यास आणि काँक्रीट यांच्यावर आहे. 20 मिमी बोल्टला 80 मिमीचा आकडा असेल तर 28.8 किलोन्यूटन, 60 चा असेल तर 21.6. त्याच बोल्टचं लोखंड, 4.6 ग्रेडचं (साधं माइल्ड स्टील) धरलं तरी, आयएस 800 या स्टीलच्या भारतीय कोडप्रमाणं 68 च्या आसपास घेऊ शकतं. बेंडिंगवाल्यानं आकडा 20 मिमी आखूड ठेवला तर त्याला कुणी टॉलरन्सची (किती फरक चालतो त्याची) चूक म्हणत नाही, पण पकडीतला चौथा हिस्सा तिथंच गेलेला असतो. पुढच्या कामाला आकड्याऐवजी खाली नट आणि जाड चौकोनी वॉशर घ्या. खर्चात फरक फार नाही, आणि सरळ बोल्ट टेम्प्लेटमध्ये आकड्याच्या बोल्टपेक्षा कितीतरी नीट उभा राहतो.

टॉलरन्स किती, हेही सांगतो, म्हणजे ठेकेदाराशी बोलताना आकडा हातात राहील. अमेरिकन स्टीलवाल्यांची जुनी अपेक्षा अशी, की एका संचातल्या कुठल्याही दोन बोल्टांमध्ये चूक 3 मिमीच्या आत, शेजारच्या दोन संचांमध्ये 6 मिमीच्या आत, आणि बोल्टच्या माथ्याची उंची 13 मिमी कमी-जास्त. 3 मिमी म्हणजे आपल्या फॅब्रिकेटरच्या भाषेत एक सूत. काँक्रीटवाल्यांचा एसीआय 117 मात्र 20-22 मिमीच्या प्रत्येक बोल्टला 6 मिमी, 25 ते 38 च्या बोल्टला 10 मिमी सूट देतो. स्टीलवाला एक सूत मागतो, काँक्रीटवाला दोन सूत देतो. हे भांडण मिटवण्यासाठीच तिकडं बेसप्लेटची भोकं मोठी ठेवतात: 19 मिमी बोल्टला 33 मिमीचं भोक, 25 च्या बोल्टला 46 चं. आपल्याकडं फॅब्रिकेटर 20 च्या बोल्टला 22 चं भोक पाडतो, कारण जोडाच्या बोल्टला तसं असतं. मग उभारणीच्या दिवशी क्रेन तासावर उभी आणि खाली घण. बेळगावच्या साइटवर सेंट्रिंगची टोळी कन्नड बोलणारी, फॅब्रिकेटर उद्यमबागेतला मराठी आणि ड्रॉइंग इंग्रजी. टॉलरन्स कुठल्याच भाषेत लिहिलेला नसतो. तो ड्रॉइंगवर ठळक लिहा, आणि मिमीबरोबर सुतातही लिहा.

तुमच्या बेसप्लेट अजून कापल्या नसतील तर प्रश्न जवळजवळ संपला. सगळे पेडेस्टल ओळंबा आणि दोरी लावून, किंवा टोटल स्टेशन मिळालं तर त्यानं, मोजा. प्रत्येक बोल्टची खरी जागा कागदावर मांडून तो कागद फॅब्रिकेटरला द्या आणि भोकं त्याप्रमाणं पाडायला सांगा. हे काम एका दिवसात होतं. कॉलम ग्रिडवरच राहतो, प्लेटवरची भोकं 18 मिमीनं सरकतात. कॉलम आणि बोल्टांचा मध्य यांत फरक पडल्यानं जादा वाकवणारा भार येतो, तो डिझायनरला तपासायला लावा. 100 किलोन्यूटनच्या कॉलमला 18 मिमी म्हणजे 1.8 किलोन्यूटन-मीटर. बहुतेक वेळा चालून जातं, पण त्याला न सांगता चालवू नका.

प्लेट कापून झाल्या असतील, तर भोक मोठं करा आणि त्यावर जाड चौकोनी वॉशर ठेवा. वॉशरचं भोक मात्र बोल्टला घट्ट बसणारं. कॉलम ओळंब्यात आला की वॉशर प्लेटला चारही बाजूंनी वेल्ड करा. वेल्ड विसरलात तर आडव्या भाराला चारांपैकी जे एक-दोन बोल्ट आधी भोकाच्या कडेला टेकतील तेच सगळा भार घेतील, आणि टेकेपर्यंत शेड तेवढी सरकेल. वेल्डनंतर चौघं एकदम कामाला लागतात. भोक मोठं करताना प्लेटची कड शाबूत ठेवा. हातानं गॅसनं कापलेल्या कडेपासून भोकाचा मध्य आयएस 800 प्रमाणं भोकाच्या व्यासाच्या 1.7 पट लांब पाहिजे. प्लेटच्या कडेपर्यंत उघडी खाच मारली, तर त्या बाजूला प्लेटमध्ये बोल्टला धरायला काहीच उरत नाही, तेव्हा ते नको.

तापवून वाकवणं. इथं माझं मत ठाम आहे: बोल्टचा ग्रेड माहीत नसताना गॅसची नळी साइटवर आणूच देऊ नका. 8.8 ग्रेडचा (जास्त ताकदीचा) बोल्ट पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, मग किमान 425 अंशांवर टेंपर करून बनतो. लाल होईपर्यंत तापवला की ती मेहनत गेली, आणि नंतर तो कितीचा राहिला हे कुणाला सांगता येत नाही. लेथवर ईएन8 च्या सळीतून आटे पाडून दिलेले बोल्ट आपल्या भागात सर्रास वापरतात. त्यात कार्बन 0.4 टक्क्यांच्या आसपास, त्याला वेल्डिंग आणि झटक्यात थंड होणं दोन्ही सोसत नाही. त्याहून वाईट म्हणजे टीएमटी सळीला आटे पाडून केलेला बोल्ट. टीएमटीची ताकद मोठ्या प्रमाणात तिच्या बाहेरच्या कडक सालीत असते, आणि आटे पाडताना लेथ नेमकी तीच साल काढून टाकतो. सळई 500 ची म्हणून बोल्टही 500 चा धरणारे मला अजून भेटतात.

9 मिमी सरकलेला तो एकटा बोल्ट साध्या माइल्ड स्टीलचा आहे हे नक्की असेल, तर थंडच वाकवता येईल, पण पृष्ठभागावर घणानं ठोकून नाही. तसं केलं की बोल्ट काँक्रीटच्या तोंडाशी एका बिंदूत मोडतो, आणि तोंडाचं काँक्रीट फुटतं. बोल्टभोवती काँक्रीट खोल छिनून काढा, इतकं की वाक सौम्य पडेल. कॉलमच्या सळयांना आपण 1:6 चा उतार ठेवतो, तो इथंही वापरा: 9 मिमीसाठी किमान 54 मिमी उतार, म्हणून 75-80 मिमी छिना. पाइप घालून हळू वाकवा, वरचा भाग पुन्हा उभा करा, खड्डा नॉन-श्रिंक ग्राउटनं (सुकताना न आकसणाऱ्या भरावानं) भरा. वाकलेला बोल्ट ओढला की सरळ व्हायला बघतो आणि बाजूला ढकलतो, म्हणून तिथं रिंग पाहिजेच. इतका खटाटोप करण्यापेक्षा त्या एका प्लेटचं एक भोक सरकवणं मला बरं वाटतं.

बोल्ट तिरका आहे का तेही बघा. नुसत्या नजरेनं कळत नाही. नट हातानं घट्ट होईपर्यंत फिरवा आणि वॉशरखाली ब्लेडचं पातं सरकवून बघा. एका बाजूला पातं आत जातं आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर नट एका कडेवर बसलाय. वर 100 मिमी आलेला बोल्ट 3 अंश कलला की टोक 5 मिमी सरकतं, आणि पान्यानं आवळताना बोल्ट ओढला जायच्या ऐवजी वाकतो. थोड्या कलाला उताराचे वॉशर मिळतात.

आता उंची आणि ग्राउट. यात लोकांचं लक्ष कमी असतं, आणि माझ्या मते टॉलरन्सच्या नावाखाली सगळ्यात जास्त ताकद इथंच जाते. पेडेस्टलचा माथा ठरल्यापेक्षा 25 मिमी खाली गेला की फॅब्रिकेटर लेव्हलिंगच्या नटवर प्लेट उचलतो, आणि खाली 50 मिमीची फट राहते. शेड उभी राहते, पत्रे चढतात, ग्राउट "नंतर करू". त्या काळात बोल्टला आडवा भार नुसता कातरत नाही, वाकवतो. 20 मिमी, 4.6 ग्रेडचा बोल्ट कातरात आयएस 800 प्रमाणं 45 किलोन्यूटन घेतो. 50 मिमी फटीत, बोल्ट काँक्रीटच्या थोडा आत धरला जातो म्हणून 60 मिमी लांबी धरा, आणि वर प्लेट फिरत नाही असं माना; 10 किलोन्यूटनचा आडवा भार बोल्टमध्ये 0.3 किलोन्यूटन-मीटर वाक देतो. आट्यांपाशी बोल्टचा ताण 550 एमपीएच्या वर जातो. त्याचं लोखंड 240 वर नमतं. 45 घेणारा बोल्ट 10 ला वाकला. ग्राउट नीट भरल्यावर हा वाक जवळपास जातो, तरी एसीआय ग्राउटच्या थरावरच्या बोल्टची कातराची ताकद 0.8 नं गुणायला लावते. वळवाचा वारा एप्रिल-मे मध्ये येतो, आणि आपल्या शेडा नेमक्या त्याच वेळी अर्ध्या उभ्या असतात. पत्रा चढण्याआधी ग्राउट, हे ठेकेदाराच्या बिलाच्या टप्प्यात लिहून टाका. सिमेंट-वाळूचा सुका माल कोंबलेला मला ग्राउट म्हणून चालत नाही. ओतणारा नॉन-श्रिंक घ्या, एका बाजूनं ओता, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं, आणखी एक गोष्ट बघायला मिळते. बोल्ट थोडा सरकवता यावा म्हणून भोवती पीव्हीसी पाइपची नळी ठेवतात. कल्पना चांगली आहे, पण नळी उघडी राहिली की पावसाळ्यात पाण्यानं भरते, आत चिखल बसतो, आणि नंतर वरून ग्राउट ओतला तरी तो चिखलावर बसतो. बोल्ट तिथं गंजतो तो दिसत नाही. नळीला चिंधी नाही, घट्ट बूच लावा, आणि ग्राउटआधी हवेनं साफ करा.

आता फरशीतले अँकर. इथं टॉलरन्स म्हणजे भोकाची खोली, व्यास, सफाई आणि कड. या चारही गोष्टी मशिन बसवणाऱ्याच्या हातात असतात आणि नंतर काहीच दिसत नाही.

खोली कशातून मोजली, हे पहिलं. उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडल्या जुन्या शेडमध्ये काँक्रीटवर 40-50 मिमीचा आयपीएस (सिमेंटचा वरचा थर) किंवा कोबा असतो. 100 मिमीचं भोक मारलं, त्यातले 50 कोब्यात गेले, तर काँक्रीटमध्ये 50 उरले. दीड घाताच्या हिशेबानं ताकद 35 टक्के राहिली. ड्रिल मारताना कान आणि डोळे उघडे ठेवा: कोब्यात बिट भराभर उतरतो आणि बारीक पांढुरकी पूड येते, काँक्रीट लागलं की आवाज बदलतो, पुडीत खडीचे काळे कण येतात. खोली तिथून पुढं मोजायची. भोक मारताना सळी लागली की माणूस 30 मिमी बाजूला दुसरं मारतो आणि पहिलं तसंच सोडतो. ते चांगल्या मॉर्टरनं भरा, नाहीतर शेजारचा शंकू त्याच भोकातून फुटतो.

केमिकल अँकर चिकटून धरतो, त्यामुळं पुडीची सफाई हीच त्याची ताकद. हवा, तारेचा ब्रश, पुन्हा हवा. फुंकून भागत नाही, तोंडाच्या वाफेनं पूड उलट चिकटते. 16 च्या रॉडला 18 चं भोक. ओल्या भोकात कुठला केमिकल चालतो ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत आवळण्याआधी जास्त वेळ थांबावं लागतं, तोही तक्ता तिथंच असतो. फुलणाऱ्या मेकॅनिकल अँकरला मात्र भोक एक मिमीनं मोठं झालं तरी चालत नाही: झिजलेल्या किंवा हलणाऱ्या बिटनं भोक ढिलं झालं की बाही पुरती फुलत नाही, आवळताना नट फिरतच राहतो. असा अँकर काढून टाका, आणखी आवळून तो बसत नाही. आणि मशिन थरथरणारं असेल, किंवा कडेपासून 75 मिमीवर असेल, तर मी मेकॅनिकल घेतच नाही. जांभ्याच्या भिंतीत वा विटांत मारायचे असतील तर वरचं एकही सूत्र लागू नाही.

शंका असेल तर ओढून तपासा, पण जॅकचे पाय कुठं ठेवता ते बघा. पाय बोल्टला चिकटून ठेवले तर ते काँक्रीटचा शंकू वरून दाबून धरतात, आणि चाचणी फक्त चिकटपणाची होते. शंकू कमकुवत असला तरी रिपोर्ट पास येतो. शंकूची ताकद पाहायची असेल तर पाय बोल्टपासून खोलीच्या दुप्पट अंतरावर हवेत. 100 मिमी खोल अँकरला 200 मिमी. तेवढा लांब पूल असलेला जॅक मागवा, नसेल तर रिपोर्टवर पायांचं अंतर लिहून घ्या.